मागचा नळ

आमची आत्या बावीस वर्षं रोज विमानात चढली आणि एकदाही उडाली नाही. विमानतळाच्या प्रयोगशाळेत तिचं काम एकच: उभ्या विमानात जायचं, प्यायच्या पाण्याचा नमुना घ्यायचा आणि उतरायचं. विमानातला चहा मात्र तिने कधी घेतला नाही. घरीसुद्धा ती पेला उजेडात धरून बघते, त्यावरून आम्ही तिची भरपूर थट्टा करतो.

तिथली रीत अशी, की नमुना पुढच्या नळाचा घ्यायचा. का, तर तो दारापाशी आहे. शिकल्यासवरलेल्यांचा हा आळस ऐकून माझं डोकंच फिरतं. तो नळ सतत वापरात, त्यामुळे अहवाल कायम झकास. एके सकाळी आत्या तडक शेवटच्या रांगेमागे गेली आणि तिथल्या नळाची बाटली भरून आणली. तपासणीची पूड टाकून ठेवलेलं बाटलीतलं पाणी दुसऱ्या दिवशी पिवळं झालं होतं. म्हणजे पाण्यात जंतू.

प्रयोगशाळेचे साहेब भडकले. "तुमचा हात लागला असेल. मागच्या नळाचं पाणी पितं कोण?"

"साहेब, चहा मागेच होतो. तान्ह्या मुलांचं दूधही तिथेच कालवतात."

"मग पुन्हा भरू. एक बाटली तुमची, एक माझी. माझी स्वच्छ निघाली तर उद्यापासून तुम्ही फक्त बाटल्या धुवायच्या."

आत्याने नळाचं तोंड स्पिरिटने पुसलं, पाणी वाहू दिलं, झाकण खाली न ठेवता हातातच धरलं. साहेबांनीही तसंच केलं. संध्याकाळी घरी तिने भाजीत दोनदा मीठ घातलं. "खरंच माझाच हात लागला असेल तर रे?" म्हणाली. मला तिची फार काळजी वाटली, पण ती भाजी काही खाववली नाही.

सकाळी दोन्ही बाटल्या पिवळ्या होत्या. साहेबांची जरा जास्तच.

विमान थांबवलं. टाकी रिकामी करून औषधाच्या पाण्याने धुतली, नळ्यासुद्धा. मग बाकीच्या विमानांचे मागचे नळ तपासले, तर आणखी चार विमानांत जंतू सापडले. तेव्हापासून नमुना मागूनच घेतात.

पहिल्या विमानाचा नवा अहवाल स्वच्छ आला, त्या दिवशी साहेबांनी आत्याला शेवटच्या रांगेत बसवलं आणि मागच्या नळाच्या पाण्याचा चहा स्वतः आणून दिला. आत्याने सवयीने कप उजेडात धरला. मग बावीस वर्षांतला पहिला घोट घेतला.

"साखर कमी आहे," ती म्हणाली.

साहेब मुकाट्याने साखर आणायला उठले.