चार आण्याच्या दुकानातली पुतळी

आधार कार्ड तीनदा तपासलं, बीपीच्या गोळ्या दोन्ही खिशांत निम्म्या-निम्म्या ठेवल्या, गॅस बंद आहे का बघायला कोपऱ्यावरून परत आलो आणि मग कुठं सोलापूरच्या स्टँडवर धाराशिवची एसटी धरली. काम म्हटलं तर काहीच नव्हतं. लहानपणी बघितलेलं एक दुकान पुन्हा बघायचं होतं आणि आक्काला एक गोष्ट विचारायची होती. आई गेली. आक्कालाही आता कमी दिसतं. तिच्याशिवाय ते सांगणारं कुणी उरलेलं नाही.

आक्का माझी थोरली बहीण. तामलवाडीला गाडीत चढली.

“एवढा घाम कशाचा आलाय रं?”

“गाडी चुकंल म्हणून.”

“गाडीतच बसलाइस की!” ती एवढ्या मोठ्यानं म्हणाली, की कंडक्टरही हसला. ज्येष्ठांना तिकीट अर्धं, पंचाहत्तरीपुढं फुकट, पण कार्ड हाताशी ठेवा. तुळजापूरला गाडी दहा-पंधरा मिनिटं थांबते. मंगळवारी, शुक्रवारी निघू नका, उभं राहायलाही जागा मिळत नाही. मी उतरलोच नाही, उगाच गाडी सुटली तर!

मी सातवीपर्यंत शिकलो, जमेल तसं सांगतो. लहानपणी आई आम्हाला मामाच्या गावी येरमाळ्याला न्यायची. उस्मानाबादला, म्हणजे आताच्या धाराशिवला, गाडी बदलावी लागे. तिथल्या बाजारात ‘चार आण्याचं दुकान’ होतं, बहुतेक वस्तू चार आण्याला. बाकीच्या दुकानांत माल शेठच्या पाठीमागं असायचा, हात लावला की ओरडा. इथं मात्र फण्या, भोवरे, आरसे, रिबिनी सगळं उघड्यावर मांडलेलं. शेठ स्वतः म्हणायचा, “हात लावून बघा, फुटत न्हाय.” आत लांब लाकडी काउंटर, पुढं उंच स्टुलं. स्टुलावर बसलं की पाय लोंबकळायचे आणि समोर कागदात गरम भजी यायची. असं दुकान मी पुन्हा कुठंही बघितलं नाही.

काचेच्या कपाटात माणसाएवढी पुतळी उभी होती. हिरवं लुगडं, नाकात नथ. कपडा खपावा म्हणून उभी केलेली, पण आईनं पहिल्यांदा बघितली आणि चपला काढल्या. कपाटापुढं पैसा ठेवला, पदर पसरून डोकं टेकलं. काउंटरवरची माणसं खो खो हसली. मीही हसलो, तोंडात भजं असताना. तेवढ्यात आईनं मागं वळून पाहिलं. पुढं प्रत्येक वेळी मी कपाटाकडं पाठ करूनच खात बसलो. आईनं मला हसताना बघितलं असेल का, हेच आक्काला विचारायचं होतं. तुळजापूर गेलं, धाराशिव आलं, तरी तोंड उघडलं नाही.

स्टँडवरून दुकान चालत दहा मिनिटं. रिक्षावाला पन्नास म्हणाला, चाळीसवर आला. दुकान पाडलं असेल, अशी धास्ती होती. पण दुकान होतं! आता प्लॅस्टिकच्या बादल्या, मोबाइलची कव्हरं. काउंटर मात्र तोच. सुशीला पंचवीस रुपये, चहा दहा. सुशीला म्हणजे आमच्याकडचे फोडणीचे चुरमुरे, जरूर खा.

आणि कपाटात पुतळी. मी जागीच थांबलो. तिचं कपाळ कुंकवानं इतकं भरलेलं, की भुवयाही दिसत नव्हत्या. हातात कोपरापर्यंत बांगड्या. पायाशी ओटीचे नारळ.

“ही विकायची न्हाय हां,” मालकीणबाई म्हणाल्या. त्या जुन्या शेठच्या सूनबाई. “कुण्या खेड्यातल्या बाईनं डोकं टेकलं, तिचं बघून दुसरीनं. मामंजी म्हणाले, आता हिला हलवायचं न्हाय. आजबी बाया पोराला नोकरी लागली की ओटी भरून जातात.”

आक्कानं चाचपडत काचेवर हात ठेवला.

“ती बाई आमची आई,” ती म्हणाली.

मालकीणबाईंनी चहाचे पैसे घेतले नाहीत.

परतीच्या गाडीत शेवटी विचारलं. “आक्का, आईला मी हसलो व्हतो. तिनं बघितलं व्हतं का गं?”

“बघितलं की. सांगायची सगळ्यांना, माझं पोरगं कधी हसत न्हाय, त्या दुकानात लई हसलं. म्हणून तर दरसाली येरमाळ्याची एक गाडी मुद्दाम सोडून द्यायची.”

तामलवाडीला आक्का उतरली तेव्हा तिला नीट जा म्हणायचंही राहून गेलं.

घरी येऊन चार दिवस झाले. पुतळीचं कपाळ डोळ्यांपुढून हलत नाही. पण त्याहून जास्त दिसते ती आई. मी तिला हसलो, आणि ते हसू पुन्हा बघायला मिळावं म्हणून ती दर वर्षी दोन पोरं आणि एक गाठोडं घेऊन भर उन्हात पुढच्या गाडीची वाट बघत उभी राहिली.