हिंमत धर म्हणणारी माणसं

मयताच्या घरी भेटायला आलेलं माणूस गप्प बसलेलं मी आमच्या गावात अजून पाहिलं नाही. चपला दारात निघायच्या आधीच तोंड सुरू होतं. माझ्या शेजारणीचा नवरा तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, वीज पडून गेला, तेव्हा तर ऊतच आला होता. एका बाईनं तिचा हात धरून स्वतःच्या म्हशीवर कशी वीज पडली होती ते सांगितलं, अगदी ती म्हैस किती दूध देत होती त्याच्यासकट. ज्याचं मरण झालं तो कोपऱ्यातल्या फोटोत राहिला आणि घरभर म्हैस फिरली.

जाताना सगळ्यांचं एकच. "हिंमत धर व माय." हिंमत म्हणजे काय रेशनच्या दुकानात मिळते की कुठं खुंटीला टांगलेली असते, की हात वर केला आणि धरली? एवढं बोलून माणसं चहा पिऊन जायची आणि ती कप धुवायला बसायची.

मी गावात शिलाई करते. मशीन आणि माझं तोंड एकदमच चालतं असं लोक म्हणतात, आणि ते खोटं नाही. पण त्या वेळी माझंही तोंड कडू झालं होतं. कारण तिला काहीतरी सांगायचं होतं, हे मला दिसत होतं. "त्या दिवशी ना मी त्याले..." एवढं ती म्हणायची, आणि समोरचा लगेच म्हणायचा, "नशिबात होतं बाई, तू काय करशील." झालं. वाक्य तिथंच मेलं. तिनं ते किती जणांजवळ सुरू केलं असेल देव जाणे, पुरं कोणीच होऊ दिलं नाही.

आमच्या तलावात मासेमारी करणाऱ्या घरांची एक सोसायटी आहे. उन्हाळा लागून पाणी उतरलं की एक दिवस ठरतो, आणि त्या दिवशी सगळ्यांची जाळी एकदम पाण्यात पडतात. नियम जुना आहे. ज्या घरचं माणूस त्या दिवशी पाण्यात उतरलं नाही, त्या घराचा तलावातला हिस्सा गेला. बाया मासे साफ करतात, विकतात, डोक्यावर टोपली घेऊन ब्रह्मपुरीच्या बाजारापर्यंत जातात, पण जाळं टाकायला बाई उतरलेली कोणाला आठवत नव्हती. नियमात तसं काही नव्हतं. फक्त सवय होती, आणि आमच्याकडं सवय नियमापेक्षा जड असते.

तिच्या चुलत दिराला एकाएकी फार माया आली. रोज संध्याकाळी यायचा. "वयनी, मी हाओ ना. मी टाकतो तुमच्या घरचं जाळं. तुमी काऊन टेन्शन घेता?" माया कुठून पाझरते आहे ते आंधळ्यालाही दिसलं असतं. एकदा त्याच्या हातानं जाळं पडलं की हिस्सा त्याच्याच हातात राहणार होता, आणि तिच्या दोन पोरी नि म्हातारी सासू त्याच्या दयेवर. माझ्या नवऱ्याला मी हे सांगितलं तर तो म्हणाला, "बरोबरच तर बोलते तो." माझ्या नवऱ्याला सगळेच बरोबर वाटतात, फक्त मी सोडून.

अशातच तालुक्याहून एक मॅडम आल्या. समाजमंदिरात बायांचं शिबिर होतं, विषय होता दुसऱ्याचं ऐकून कसं घ्यावं. मॅडम दुपारभर बोलल्या. मनापासून ऐका म्हणाल्या, मध्ये तोडू नका म्हणाल्या, आणि कोणी खोकलं तरी त्यांना राग येत होता. शेवटी माझ्या शेजारणीला उभं केलं. "ताई, तुम्ही मोकळेपणानं बोला हं." ती उठली, पदर सारखा केला. "त्या दिवशी मी त्याले..." मॅडमनी टाळ्या वाजवल्या. "बघा, किती छान बोलल्या!" मग फोटो झाला. फोटोत ती मध्ये उभी आहे आणि तिचं तोंड अर्धवट उघडं आहे. तो फोटो मला कोणी दाखवला की अजून माझं डोकं फिरतं.

माघ सरता सरता ती एका दुपारी माझ्याकडं आली. काखेत नवऱ्याचं फेकजाळं. "बाई, उंदरानं खाल्लं जी. घरी काढलं का सासू रडाले लागते. तुमच्या इथी बसून सांधू का?" मी म्हटलं, बैस. जाळं विणणं तिला माहेराहून येत होतं, दुसरे दोन हात मात्र हवे होते. तिनं जाळ्याचा शेंडा माझ्या खुंटीला अडकवला, फाटलेल्या जागेच्या दोन्ही कडा माझ्या दोन हातात दिल्या, ताणून धरा म्हणाली. नवा दोरा गुळगुळीत, गाठ बसेपर्यंत टोक सरकत होतं. तिनं इकडंतिकडं पाहिलं आणि ते टोक सरळ माझ्या दातात दिलं.

अशी मी माझ्याच घरात, माझ्याच मशीनसमोर, तोंड बंद करून बसले. आजवर कोणाला न जमलेलं काम त्या दोऱ्यानं केलं.

आधी ती उंदरांबद्दल बोलली. मग पोरीच्या शाळेबद्दल. तिची नजर गाठीवर होती, माझी तिच्या बोटांवर, आणि मी "हो का" सुद्धा म्हणू शकत नव्हते. थोड्या वेळानं तिचा आवाज बदलला.

"त्या दिवशी तो घरी आला होता बाई. अंग पुसून जेवाले बसला होता. आभाळ गरजून राह्यलं होतं. मी म्हटलं, जाळं कुठी हाय? तो म्हणे, पाळीवर राह्यलं, उद्या आणतो. मी म्हटलं, भिजन ना ते, सडन. जाऊन आण. तो म्हणे, राहू दे ना व. मी वरडली त्याच्यावर. ताट सरकवलं त्याच्यापुढचं. मंग तो गेला." बोटं चालूच होती. "हेच जाळं होतं. नायलॉनचं हाय हे. नायलॉन सडते का हो बाई पाण्यात?"

दोरा नसता तर माझ्याही तोंडातून नशीबबिशीब काहीतरी निघालं असतं, खोटं कशाला बोलू. तिनं गाठ आवळली, दोरा कापला, आणि माझं तोंड मोकळं झालं. ती आता माझ्याकडं बघत होती. तिला सांत्वन नको होतं. तिनं साधा प्रश्न विचारला होता आणि इतके महिने ती त्याच्या उत्तराविना फिरत होती.

"नाही सडत," मी म्हटलं.

ती रडली. आत्तापर्यंत लोकांच्या गराड्यात जशी रडायची तशी नाही. जाळं मांडीवर घेऊन, तोंड वाकडं करून, शेंबूड पुसत रडली. मी मशीनवर हात ठेवून बसून राहिले. मलाही रडू आलं. बरं झालं त्या वेळी कोणी ब्लाउज न्यायला आलं नाही. नाक पुसून ती म्हणाली, "दुसरी बाजू धरा." संध्याकाळी जाळं गुंडाळताना म्हणाली, "हे जाळं मी त्याच्या भावाच्या हातात देत नाई. मीच टाकीन." हिंमत धर म्हणून मी एकदाही म्हटलं नव्हतं.

ठरलेल्या सकाळी सारा गाव पाळीवर. ती लुगड्याचा काचा मारून आली तेव्हा आधी हसू उसळलं, मग सल्ले. पाय घसरन, कंबर लचकन, लोक काय म्हणतीन. लोक म्हणजे तेच, समोर उभे असलेले. दीर पुढं झाला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, "वयनी, हे जाळं अशुभ हाय. याच्याजवळच भाऊ मेला. आणा इकडं."

मला वाटलं, संपलं. आता ती जाळं देऊन टाकणार.

"याच्याजवळ नाई मेला, याच्यासाठी मेला," ती म्हणाली. या वेळी शब्द पुरे येत होते. "मीच धाडलं होतं त्याले. गरजत होतं तरी धाडलं. ते माहं मी पाहीन. तुमी बाजूले व्हा."

तो बाजूला झाला. एवढं उघड बोलणाऱ्या माणसावर काय वार करायचा हे त्याला सुचलं नसावं. पहिल्यांदा जाळं गोळा होऊन पडलं, लोक हसले. दुसऱ्यांदा थोडं उघडलं. छातीभर पाण्यात उभी राहून ती टाकत राहिली, ओढत राहिली, आणि हळूहळू लोकांनी हसणं सोडून आपापली जाळी पाहिली. तिला दोन रोहू आणि बाकी बारीकसारीक मिळालं.

दुपारी पाळीवर सोसायटीचे अध्यक्ष एकेका घराचा हिस्सा पुकारत होते. तिच्या घराचा नंबर आला आणि त्यांनी नेहमीप्रमाणे तिच्या नवऱ्याचं नाव घेतलं. ती ओल्या लुगड्यात समोर उभी होती. हलली नाही. त्यांनी पुन्हा तेच नाव पुकारलं.

"तो मेला," ती म्हणाली. "उतरली मी. मले हाक मारा."

अध्यक्षांनी वळून तिच्या दिराला हळूच विचारलं, हिचं नाव काय. सगळा हिवाळा त्यांनी तिच्या घरी येऊन तिला हिंमत धरायला सांगितलं होतं, आणि तिचं नाव त्यांना ठाऊक नव्हतं. दिरालाही आठवेना. ते तिनंच सांगितलं, मोठ्यानं, आणि त्यांना ते जसंच्या तसं पुकारावं लागलं.