पानात वाढलेलं गाणं

लातूरच्या एसटी स्टँडवरून गाडी सुटली तेव्हा आई खिडकीची दांडी धरून सोबत धावत होती. पासपोर्ट, स्वेटर, लोणच्याची बरणी, सगळ्या सूचना संपल्या होत्या. शेवटी ती ओरडली, "एकटी जेवू नकोस गं! जाशील तिथं पंगत शोध!" अख्खी गाडी माझ्याकडे बघायला लागली. मी मान खाली घातली, पण आज्ञा पाळली.

अमेरिकेत ॲन आर्बरला शिकताना एकदा खरखरत्या फोनवर तिला आनंदानं सांगितलं, "आई, मला पंक मिळालं!"

"पंगत मिळाली? किती पानं?"

"तीन."

"बरं झालं बाई."

पंक म्हणजे आरडाओरड्याचं, बंडखोर रॉक संगीत आणि तीन म्हणजे आमच्या बँडमधली माणसं, पण तो गैरसमज मी अजून दूर केलेला नाही.

तिकडे राहिलेल्यांनो, तुम्हाला वाटतं आम्ही वीकएंडला मंडळाची मीटिंग आणि पॉटलक करतो. इकडे आलेल्यांनो, तुम्हाला माहीत आहे, करतोच. पण ते आटोपलं की मी बेस गिटार खांद्याला लावून मॅगीचं बेसमेंट गाठते. मॅगी गाते, ग्लेन ड्रम बडवतो. तिघांचे मिळून सहा गुडघे, त्यातले चार दुखरे.

तर या बेसमेंटमध्ये गेल्या वर्षी बॉम्ब पडला. ग्लेन कॉन्झर्व्हेटिव्ह निघाला! त्याच्या प्लंबिंगच्या व्हॅनवर स्टिकर झळकलं: बॉर्डर बंद करा. शो ठेवणाऱ्यांनी कळवलं, तो असेल तर शो कॅन्सल.

"पंक म्हणजे बंड!" मॅगी कडाडली.

"इथं सगळ्यांचं मत एकच," ग्लेन म्हणाला. "मग बंडखोर कोण? मीच ना?"

"सरकारच्या बाजूनं बंड? तेही स्टिकर लावून?"

मग दोघंही माझ्याकडे वळले. "स्मिता, तू सांग. बाहेरून आलेली तूच," मॅगी म्हणाली.

ग्लेन घाईनं म्हणाला, "यू आर डिफरंट, यार." 'यार' त्याला मीच शिकवलेला. स्टिकरपेक्षा ते वाक्य मला जास्त लागलं.

'चालता हो' जिभेवर आलं होतं. पण आमच्याकडे भरल्या पंगतीतून माणसाला उठवणं यासारखा अपमान नाही. ज्यांना उठवलं, त्यांच्या घरी ती गोष्ट नातवंडांपर्यंत पोचते. मात्र पंगतीचा दुसराही नियम आहे.

"बस खाली," मी ग्लेनला म्हणाले. "पण पानात वाढलेलं टाकायचं नाही."

आणि मी वाढलं. व्हिसाच्या रांगेवरचं मराठी गाणं. 'पुढे सरका, पुढे सरका, तुमचा नंबर आलाच नाही!' ग्लेननं ते जीव तोडून वाजवलं, मग अर्थ विचारला. मी सांगितला. बाबा गेले तेव्हा मी त्याच रांगेत अडकले होते, हेही सांगितलं. त्यानं ड्रमच्या काठ्या पुन्हा उचलल्या.

"पुन्हा घेऊ," एवढंच म्हणाला.

मॅगीनं शोवाल्यांना ठणकावलं, "आधी ऐका, मग हाकला." ते आले, हाताची घडी घालून. दुसऱ्या कडव्याला घड्या सुटल्या आणि सगळं बेसमेंट 'पुडे सर्का' किंचाळायला लागलं.

स्टिकर अजून आहे. भांडणही आहे, दर शनिवारी, साग्रसंगीत. पण गाणं सुरू करताना ग्लेन आता मराठीत मोजतो: "एक, दोन, टीन, चार!"

पूर्वी घर म्हणजे मनासारखं ताट. आता जिथून मला कुणी उठवत नाही आणि मीही ताट ढकलून उठत नाही, ते घर.

परवा आईला शोचा व्हिडिओ दाखवला. कानांवर हात ठेवून तिनं तो शेवटपर्यंत पाहिला. मग म्हणाली, "तो मागचा ढोलवाला घामानं पार भिजलाय बघ. जेवला का गं तो?"

"जेवतोय, आई. सावकाश."