परतीचं अक्षर

जर्मन शब्द अडला, की खालच्या काकू डाव्या हाताचा तळवा पुढे करायच्या आणि उजव्या हाताच्या बोटानं त्यावर भराभर एक चिनी अक्षर काढायच्या. मग तो तळवा माझ्यासमोर धरून विचारायच्या, "कळलं?" तळव्यावर अर्थातच काही नसायचं. असतं तरी मला काय कळणार होतं! पण त्यांच्या चेहऱ्यावर इतका विश्वास असायचा, की मी "हो, हो" म्हणून मोकळी व्हायचे.

परक्या गावात राहिला असाल तर तुम्हालाही असा एखादा शेजार लाभला असेल. दोघांची मोडकी जर्मन आणि मधे चहा, एवढ्यावर चालणारा.

हॅम्बर्गला आमच्या इमारतीत त्या तळमजल्यावर राहायच्या, म्हणून घरात त्यांचं नाव 'खालच्या काकू'. २०१३-१४च्या आसपासची गोष्ट. माझा नवरा विमानाच्या कारखान्यात आणि मी दिवसभर जर्मनच्या पुस्तकात. काकू मूळच्या तैवानच्या, किलुंग बंदरातल्या. एका जर्मन जहाजी इंजिनिअरशी लग्न करून तरुणपणीच इथे आलेल्या. तो वारला होता. मुलगा म्युनिकला. चीनला बदली होणाऱ्या जर्मन साहेबांना त्या संध्याकाळी चिनी शिकवायच्या. चाळीसएक वर्षं जर्मनीत काढूनही नामाचं लिंग दाखवणाऱ्या डेर, डी, दास या तिघांतला फरक त्यांनी दाराबाहेरच ठेवला होता. "आल्झो, सगळं दास," म्हणायच्या. "सोपं आहे."

आल्झो म्हणजे 'तर मग'. 'आल्झो, सोपं आहे' असं त्या म्हणाल्या, की पुढे हमखास काहीतरी अवघड यायचं.

एकदा मी त्यांना सहज विचारलं, तुमचं आवडतं अक्षर कोणतं? त्यांनी कागदावर मोठं अक्षर काढलं: 歸. "ग्वेइ. परतणं. आल्झो, सोपं आहे."

मग तासभर ते अक्षर चाललं. उजवीकडे झाडू. डावीकडे वर एक ढिगारा. तो टेकडी आहे, सैन्याचा तळ आहे की नुसता उच्चारापुरता आहे, यावर पंडित अजून भांडतात. फार जुन्या काळी हाडांवर कोरलेल्या अक्षरात ढिगारा आणि झाडू एवढंच होतं. ढिगाऱ्याखालचं पाऊल नंतर आलं. "आणि आता चीनमध्ये हे पाच रेघांत उरकतात," त्या चिडून म्हणाल्या. "पाऊलच काढून टाकलं! मग माणूस परतणार कशानं?"

"पण परतण्यात झाडू कशाला?" मी विचारलं.

"बाईचा झाडू. जुना अर्थ वेगळा आहे. मुलगी लग्न होऊन सासरी जाते, त्याला ग्वेइ म्हणायचे. आमच्याकडे मुलीच्या लग्नात अजून हे अक्षर लिहितात."

"म्हणजे सासरी जाणं म्हणजे परतणं? जे घर तिनं कधी पाहिलंही नाही, तिथे?"

"तेच," त्या म्हणाल्या आणि उठून किटली ठेवायला गेल्या. पाठ माझ्याकडे असतानाच त्यांनी पुढचं सांगितलं.

त्यांचे वडील शाळामास्तर. परदेशी माणसाशी लग्न ठरलं म्हटल्यावर ते मुलीशी बोलेनासे झाले. जहाज सुटायच्या दिवशी मात्र धक्क्यावर आले. एक शब्द बोलले नाहीत. मुलीचा तळवा हातात घेतला, त्यावर बोटानं हे अक्षर काढलं आणि निघून गेले.

"परत ये म्हणाले, की सासरी सुखानं जा म्हणाले?" त्या म्हणाल्या. "पहिलं असेल तर त्यांनी मला माफ केलं नव्हतं. दुसरं असेल तर केलं होतं."

"पत्रातून विचारलं नाहीत?"

"विचारलं असतं तर त्यांनी उत्तर दिलं असतं."

चार वर्षांत वडील गेले. त्यानंतर काकू दोनदा किलुंगला जाऊन आल्या, भावाकडे राहिल्या; पण वडिलांच्या थडग्यापाशी गेल्या नाहीत. पाय उचलला नाही म्हणाल्या.

पुढच्या उन्हाळ्यात माझी आई सांगलीहून आली. तिचं आणि काकूंचं कसं जमलं देव जाणे. दोघी स्वयंपाकघरात समोरासमोर बसून मटार सोलायच्या, आपापल्या भाषेत बोलायच्या आणि योग्य ठिकाणी हसायच्या. आईचा परतीचा दिवस जवळ आला तेव्हा निरोपाचा विषय निघाला. काकूंनी धक्क्यावरची हकीकत सांगितली, मी मराठीत आईला सांगितली.

आईनं मटाराची शेंग तशीच हातात धरली. "अगं, यात कोडं कसलं? मी लग्न होऊन निघाले तेव्हा माझे वडील 'ये' एवढंच म्हणाले. निघणाऱ्याला 'जा' कोण म्हणतं? सांग त्यांना."

मी सांगितलं. काकूंना पटेना. "जाणाऱ्याला 'ये' म्हणतात?"

"हो," मी म्हटलं. "आणि जाणारीही 'येते' म्हणते."

"आणि ती येते?"

"कधी येते, कधी नाही येत," आई म्हणाली. "पण म्हणणाऱ्याच्या मनात दोन्ही असतं, जा पण आणि ये पण. बापाला कुठं दोन वेगळे शब्द सुचतात त्या वेळी?"

मी जमेल तसं जर्मनमध्ये पोचवलं. काकूंनी आईच्या हातातली शेंग काढून घेतली, सोलली आणि दाणे आईच्याच वाटीत टाकले. डोळे पुसले नाहीत, वाहू दिले.

एप्रिलमध्ये तिकडे पितरांची थडगी साफ करतात. पुढच्याच एप्रिलला काकू किलुंगला गेल्या. तिथून फोन आला. आवाज एकदम पोरीसारखा. "आल्झो, गवत माझ्या कमरेइतकं! भाऊ म्हणाला, माणूस लावू. मी म्हटलं, नाही. सगळं मी झाडलं. इथे पाऊस आहे, अगदी हॅम्बर्गसारखा."

"परत कधी?" मी विचारलं.

"कुठून कुठे?" म्हणाल्या आणि खो खो हसल्या.

महिनाभर राहून त्या यायच्या होत्या. तिथेच न्यूमोनिया झाला आणि भावाच्या घरीच त्या वारल्या. मुलगा म्युनिकहून जाऊन सगळं करून आला. त्यांना वडिलांच्या शेजारी ठेवलं आहे.

इथे त्यांच्या नवऱ्याच्या थडग्यावर मी अधूनमधून जाते, फुलझाडांना पाणी घालते. त्या माणसाला मी कधी पाहिलेलं नाही. दगडाच्या डाव्या अर्ध्यात त्याचं नाव आहे. उजवा अर्धा त्यानं बायकोसाठी मोकळा ठेवायला सांगितला होता. मध्यंतरी मुलानं फोन करून मला विचारलं, "तिथे आईचं नाव कोरावं का? ती तर तिथे नाही."

"जागा त्यांचीच आहे," मी म्हटलं.

तो "बघतो" म्हणाला. परवा गेले होते. दगड पावसानं भिजला होता, आणि उजवी बाजू अजून कोरीच होती.