एकच किस्सा पाच वेळा

माझा एकदा ऐकलेला किस्सा पुन्हा ऐकायला गावात कुणी बसत नाही. एक श्रोता मात्र मला असा मिळालाय, की तोच किस्सा पाचदा सांगा, पाचही वेळा मांडीवर थाप मारून हसतो. देऊळघाटचा माझा जुना मित्र. पोळ्याला तोरणाखाली, बैलांसमोर, आम्ही जोडीनं झडत्या, म्हणजे गावाला चिमटे काढणारी कवनं, म्हणायचो. पहिली ओळ माझी, दुसरी त्याची, आणि ‘हर हर महादेव’च्या गजरात सगळं गाव खो खो हसायचं.

पुढं वीस वर्षं त्यानं पोटात भाकरीऐवजी दारूच घातली. एके वर्षी चालताना झोकांड्या जाऊ लागल्या, बुबुळं थरथरू लागली. आम्हाला वाटलं, आज जास्त झाली. तिथंच चुकलो. बुलढाण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, दारू आणि उपाशीपणानं अंगातलं एक जीवनसत्त्व संपलं, मेंदूला इजा झाली. जुनं बरंचसं आठवेल, नवं टिकणार नाही. मधल्या रिकाम्या जागा तो मनानं भरील, आणि ते त्याला खरंच वाटेल.

दारू सुटली. गेलेलं परत आलं नाही.

मी मुळातला खट्याळ. त्याच्याकडे चहा पिऊन कप विसळून ठेवायचो आणि म्हणायचो, “अबे, चहा तरी पाज!”

“हाव बे, इसरलोच!” की दुसरा चहा हजर.

यंदा माझी बायको गेली. तेरावं झाल्यावर घरात बोलायला भिंतीच उरल्या, म्हणून रविवारी त्याच्याकडे गेलो. सांगितलं. माझे हात धरून तो असा रडला, की तसं कुणीच रडलं नव्हतं. मी तोंड धुऊन आलो, तर म्हणतो,

“काऊन बे, वहिनीले नाही आनलं?”

पुन्हा सांगितलं. पुन्हा तितकाच रडला. तासाभरानं परत तोच प्रश्न. या वेळी मी उठून कप विसळायला घेतला. मग तोच कपाळावर हात मारून म्हणाला,

“अबे, वहिनी तं सकाळीच येऊन गेली! बैलाच्या पुरणपोळीचं ताट घेऊन. मले म्हने, भाऊजी, तुमच्या दोस्ताले सांगा, झडत्या म्हनताना एवढं वरडू नका. मंग रातभर खोकलते.”

पोळा सहा महिने लांब होता. पण ती दर पोळ्याला अगदी असंच म्हणायची.

दुसऱ्याचा किस्सा मी आजवर कधी पुरा होऊ दिलेला नाही. त्या दिवशी खुर्ची त्याच्याजवळ ओढली.

“मंग?” मी विचारलं. “आनखी काय म्हने?”