आप्पासाहेबांनी अर्धी भरलेली टाकी

"ओझं भरून जोडा, मग तारीफ करा," हे आप्पासाहेब पोकळ्यांचं कायमचं बोलणं. बैल असो, ट्रॅक्टर असो, नाहीतर घरात आलेला जावई.

धायरीत त्यांच्या रानावर आता सात-सात मजली इमारती उभ्या आहेत. रान गेलं, विहीर मात्र त्यांनी विकली नाही. चाकांवरच्या दोन हजार लिटरच्या टाकीतून ते त्याच इमारतींना पाणी पोचवतात. ती ओढणारा ट्रॅक्टर यंदा कायमचा बसला. त्यातच त्यांच्या बायकोच्या, कुसुमकाकूंच्या, दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं. वारज्याला बहिणीकडं जायचं, तर रिक्षाच्या प्रत्येक खड्ड्याला काकू डोळे मिटून घेत. दोन गाड्या घेण्याची ऐपत नव्हती. म्हणून पिकअप घ्यायची ठरली. मागं टाकी, पुढं काकू.

तेव्हापासून आप्पासाहेबांना बूड टेकवत नव्हतं. जेवता जेवता उठायचे. रस्त्यात उभ्या पिकअपखाली वाकून बघायचे. नारायण पेठेत एका गाडीवाल्यानं विचारलंच, "काका, काही सांडलंय का? की गाडी उचलूनच नेताय?"

पाचव्या शोरूममध्ये काकू एका पिकअपमध्ये कुणाचा हात न धरता चढल्या. टेकून बसल्या आणि म्हणाल्या, "हितं पाय दुखत न्हाईत." त्या एका वाक्यानं आप्पासाहेबांचं उरलंसुरलं स्वास्थ्यही गेलं. आता ही गाडी नापास झाली तर?

शोरूमचा पियुष गाडी घेऊन विहिरीवर आला. आप्पासाहेबांनी टाकी गाडीमागं जोडली, तिला पाईप लावला आणि आयुष्यात पहिल्यांदा पंप मध्येच बंद केला. झाकण घट्ट लावलं. काकू पुढं बसल्या, पियुष मागच्या सीटवर.

चढ गाडी हसत चढली.

"बघा काका, कळलं तरी का मागं काही आहे?" पियुष खूश.

उतारावर गतिरोधक आला. आप्पासाहेबांनी ब्रेक दाबला आणि टाकीतलं मोकळं पाणी मागून पुढं धावलं. धाडकन धक्का बसला. पाणी मागं गेलं, परत आलं, दुसरा धक्का. काकूंचा हात डॅशबोर्डवर आपटला. आप्पासाहेबांनी गाडी कडेला घेतली.

"पाणी अर्धंच हाय नव्हं?" काकूंनी विचारलं.

आप्पासाहेबांनी आरशातून मागच्या टाकीकडं बघितलं.

"चाळीस वर्सं तुमच्या पाण्याचा आवाज ऐकतीय मी. भरल्या टाकीचं पाणी असं बोंबलत न्हाई. कुणासाठी केलंत?"

"तुझ्यासाठीच."

"मग माझ्यासाठीच आता भरून बघा."

विहिरीवर परत येऊन टाकी काठोकाठ भरली. आता पाणी हललं नाही, पण चढाच्या मध्यावर गाडी थांबवून पुन्हा उचलताना पुढचा भाग हलका झाला, मागची चाकं घसरली. तिसऱ्या वेळी कशीबशी निघाली. क्लचचा जळका वास आला. रोज बारा खेपा हिला झेपणार नव्हत्या. पियुष खिडकीबाहेर बघत राहिला.

वर पोचल्यावर आप्पासाहेब उतरले. गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या. चाकाला हात लावला, टाकीला लावला, काकूंच्या दाराशी येऊन परत वळले.

"काका, दुसरं मॉडेल दाखवू?" पियुषनं हळूच विचारलं.

"गाडी हीच. टाकी बदलायची. हजार लिटरची, काठोकाठ."

"अवं, खेपा दुप्पट व्हतील," काकू म्हणाल्या.

"होऊ देत. तसंबी मला बसवतंय कुठं?"

फोन करून भागलं असतं. पण फोन लागेपर्यंत एका जागी थांबायचाही दम त्यांना नव्हता. टाक्या बनवणाऱ्या वेल्डरचं दुकान उताराच्या तळाशी होतं. धोतराचा सोगा हातात धरून ते पायीच निघाले, भरभर, मध्ये एकदा पळाल्यासारखे. पियुष किल्ली हातात घेऊन उभा होता. काकू सीटवरून हलल्या नाहीत. काच खाली करून, मान बाहेर काढून, ते वळणाआड जाईपर्यंत बघत राहिल्या.