नवरीसाठी पुसलेली गाडी

चांद्याला जटपुरा गेटच्या आत गुणवंतराव ठेकेदारांचं घर होतं. त्या घरच्या विहिरीचं पाणी इतकं जड की तुरीची डाळ दुपारपर्यंत चुलीवर ठेवली तरी दाणा दाणा वेगळा राही. डाळीला आणि चहाला इरई नदीचं पाणी कावडीनं येई. बाकी सगळं विहिरीवर. तेव्हा चंद्रपूरला सगळे चांदाच म्हणत आणि मोटारी बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. गुणवंतरावांनी काळी लँडमास्टर आणली ती पंचावन्न साली. देवाजी ड्रायव्हरनं पहिल्याच आठवड्यात हौसेनं ती भर उन्हात विहिरीच्या पाण्यानं धुतली. पाणी वाळलं आणि गाडीच्या अंगावर देवी आल्यासारखे पांढरे ठिपके उठले.

देवाजीनं फडक्यानं घासून पाहिलं. डाग हलले नाहीत. संध्याकाळी नागपूरचे पाहुणे यायचे होते. देवाजी घाबरून दसरूकडे गेला.

दसरू गुणवंतरावांच्या लाकडाच्या टालावर राखणदार होता. पोंभुर्ण्याच्या पलीकडे जंगलात त्याचं गाव. बायको सुकरी आणि मुलगी सोमारी तिकडे थोडी धानाची शेती आणि मोहफुलं बघत; हा इकडे टालावरच राही, महिन्याकाठी घरी जाई. टालावर एक वीतभर आरसा होता, त्याच्यावरही असेच डाग पडत आणि दसरू ते लिंबाच्या फोडीनं काढी. तोच उपाय त्यानं गाडीवर केला, पण जपून. लिंबू पिळून त्यात भरपूर पाणी घातलं. आधी दाराच्या खालच्या कोपऱ्यात, कुणाला दिसणार नाही अशा जागी थोडं लावून बघितलं. रंगाला काही होत नाही असं दिसल्यावर सावलीत गाडी ढकलली, ओलं फडकं डागावर जरा वेळ ठेवलं, हलक्या हातानं पुसलं आणि लगेच नदीचं पाणी ओतून धोतराच्या मऊ तुकड्यानं कोरडं केलं. पाहुणे आले तेव्हा गाडीच्या काळ्या रंगात अंगणातलं कडुनिंबाचं झाड दिसत होतं, पानांसकट.

गुणवंतराव खूश झाले. पाहुण्यांसमोरच त्यांनी दसरूच्या पाठीवर थाप मारली. "दसरू, तुह्या पोरीच्या लग्नात हे गाडी तुही. नवरी मोटारीत जाईन!"

सगळे हसले. दसरूही हसला. पण त्यानं ते मनात जपून ठेवलं.

त्या दिवसापासून गाडी धुण्याचं काम दसरूकडे आलं. टालावर दुसरा माणूस ठेवला गेला. सकाळी ऊन अंगणात यायच्या आत तो गाडी धुई. शेवटचं पाणी नदीचंच. एकही थेंब आपल्या आपण वाळू द्यायचा नाही, हा त्याचा कायदा. देवाजी तोवर पायरीवर बसून विडी ओढी आणि गप्पा मारी. दोघांची चांगलीच दोस्ती जमली. देवाजीला ताप भरला तेव्हा दसरूनं त्याला पेज पाजली होती. दसरूच्या घरी सणाला देवाजी जाऊन आला होता, सुकरीच्या हातची मोहाच्या फुलांची भाकर खाऊन आला होता. सोमारी त्याला काका म्हणायची.

आणि गुणवंतरावही ते बोलणं विसरले नव्हते. एखादा पाहुणा गाडीची तारीफ करी तेव्हा ते म्हणत, "हा आमचा दसरू. याच्या पोरीच्या लग्नाले गाडी द्याची हाय मले."

सोमारीचं लग्न ठरलं ते गोंडपिपरीजवळच्या लालसूशी. त्यांच्या रीतीप्रमाणे नवरीच नवरदेवाच्या गावी जाते, लग्न तिकडेच लागतं. म्हणजे गाडी लागणार ती जाण्यालाच. दसरू दबकत गुणवंतरावांसमोर उभा राहिला.

"मालक, पोरीचं लगन चैतात धरलं."

"अरे वा! मंग? गाडी ने ना. एकडाव सांगतलं का नाई तुले? देवाजी घेऊन येईन."

दसरू त्या खेपेला गावी गेला तो जणू पाय जमिनीला न टेकवता. त्यानं सोयऱ्यांना निरोप धाडला: नवरी मोटारीत येते. दोन्ही गावांत दुसरा विषय उरला नाही. प्रश्न एकच होता, की गावापासून मोठ्या सडकेपर्यंत नुसती बैलगाडीची वाट, तिच्यात चाकोऱ्या हातभर खोल. मग गावानं ती वाट केली. बाया टोपलीनं मुरूम आणत, माणसं दगड बसवत. नाल्याच्या उतारावर बांबूची जाळी घालून वर माती चोपली. कुणी मजुरी मागितली नाही. दसरूची पोर आणि आपल्या गावात पहिली मोटार, दोन्ही एकाच दिवशी.

लग्नाच्या आदल्या दिवशी दसरूनं चांद्याला गाडी धुतली. त्या दिवशी त्यानं जे केलं ते कधी केलं नव्हतं. चाकांच्या आतली माती काडीनं काढली. काचेच्या कडेला, दिव्याच्या रिंगांखाली, नंबरच्या पाटीच्या मागे, जिथे पाणी लपून बसतं आणि नंतर ओघळून डाग पाडतं, तिथे तिथे फडक्याचं टोक घालून कोरडं केलं. जुने दोन-तीन डाग होते, रंगात रुतलेले. ते लिंबाच्या पाण्यानं थोडे थोडे उतरवले. मग मेण लावलं, पुसलं, पुन्हा लावलं.

देवाजी पायरीवर बसला होता.

"हे बघ देवाजीभाऊ, सोमारी या बाजूनं बसन. मंग लोकं या दाराकडंच पाहतीन. म्हणून याले जरा जास्त पुसून राह्यलो."

"चांगली चमकवली," देवाजी म्हणाला.

"सकाळी येजो मग लवकर. वाट तयार हाय. नाल्यावर हळू घेजो."

"येतो ना."

दसरू पोंभुर्ण्याकडे जाणारी बस पकडायला निघाला. वळणावर त्यानं मागे पाहिलं. देवाजी खाली मान घालून विडी विझवत होता.

लग्नाच्या दिवशी गाव उजाडायच्या आत उठलं. सोमारीला हळद लागलेली, पिवळं लुगडं, हातात नवी काकणं. वाजंत्री तयार. दसरू वाटेच्या टोकाशी जाऊन उभा राहिला. ऊन वर आलं. वाजंत्री वाजवून थकले आणि सावलीला बसले. म्हातारे म्हणू लागले, चांदा काय जवळ हाय, येईन. पण ऊन डोक्याकडे सरकायला लागलं तेव्हा सुकरीच म्हणाली, "बैल जुंपा. देवाजीभाऊ सडकेवर भेटन. तिथून पोरीले बसवू."

चार गाड्या जुंपल्या. नव्यानं केलेल्या वाटेवरून बैलगाड्याच गेल्या, मुरूम चाकांखाली कुरकुरत.

गोंडपिपरीच्या सडकेला लागल्यावर बऱ्याच वेळानं मागे धूळ उठलेली दिसली.

"आली! आली ना!" सुकरी ओरडली.

वाजंत्र्यांनी धावत्या पायांनीच वाजवायला घेतलं. गाड्या थांबल्या. दसरूनं उडी मारली आणि सडकेच्या मधोमध उभा राहून दोन्ही हात वर केले. सोमारीनं लुगडं सावरलं आणि खाली उतरायला एक पाय चाकाच्या आऱ्यावर ठेवला.

काळी गाडी जवळ आली. तिनं हॉर्न वाजवला. पुन्हा वाजवला, लांब. बैल बिचकले. दसरू बाजूला झाला. गाडीच्या मागच्या सीटवर गुणवंतराव आणि टोपी घातलेले एक अनोळखी साहेब होते; दोघांच्या मध्ये बंदुकीची नळी उभी होती. पुढे देवाजी. त्याचे दोन्ही हात चाकावर घट्ट होते आणि नजर समोर सडकेवर. गाडी पुढे निघून गेली, आलापल्लीच्या जंगलाकडे. दाराच्या काळ्या रंगात दसरूला आपल्याच चार बैलगाड्या सरकताना दिसल्या, सोमारीचं पिवळं लुगडं दिसलं. मग धूळ.

सोमारी पाय आत घेऊन बसली. तिच्या हळदीवर धूळ बसली होती. सुकरीनं पदरानं तिचं तोंड पुसलं आणि गाडीवानाला म्हणाली, "चाल."

लालसूच्या गावाच्या वेशीवर माणसांची भिंत उभी होती. बैलगाड्या बघून ती फुटली. व्याह्यांनी विचारलं, "मोटार कुठी हाय जी?"

दसरू म्हणाला, "बिघडली."

कुणीतरी मागून म्हणालं, "मोटार होती तरी का?" आणि हशा पिकला. लग्न लागलं. जेवणं झाली. दसरूनं सगळ्यांना वाढलं, नाचणाऱ्यांत दोन पावलं टाकली. पण निघताना सोमारी त्याच्या गळ्यात पडली तेव्हा रडता रडता एवढंच म्हणाली, "काकानं पाह्यलंही नाई बा."

दसरू चांद्याला परतला तेव्हा गाडी अंगणात उन्हातच उभी होती. शिकार मिळाली होती. मागच्या बाजूला रक्त वाळलेलं, त्याच्यावर कुणीतरी विहिरीच्या पाण्याच्या बादल्या फेकलेल्या आणि ते पाणी तसंच वाळलेलं. छतापासून चाकापर्यंत पांढरे डाग. त्याचं लावलेलं मेण कुठे होतं कुठे नव्हतं, कातडी सोलल्यासारखं.

गुणवंतराव ओसरीवर पान खात होते. "आला का? झालं लगन? हे बघ कशी करून ठेवली गाडी. डाग काढ बापा, परवा जाचं हाय मले."

दसरू उभाच राहिला.

"हो, ते तुहं राहूनच गेलं," गुणवंतराव म्हणाले. "साहेबानं शब्द टाकला. नाई म्हणता येते का आपल्याले? ठेका त्याच्या हातात हाय. नातवाच्या बारशाले ने गाडी."

दसरूनं मान हलवली. मालक मोठा माणूस, साहेबाची मर्जी राखावी लागते, हे त्याला समजत होतं. आदल्या संध्याकाळी अचानक ठरलं असेल. देवाजी हुकमाचा ताबेदार, तो तरी काय करणार? सगळ्या वाटेनं दसरूनं स्वतःला हेच समजावलं होतं. तो फडकं घेऊन गाडीजवळ गेला. देवाजी चाक बघत होता.

"देवाजीभाऊ, तुले कवा कळलं?"

देवाजी चाकावरची माती बोटानं खरवडू लागला.

"मी गाडी पुसली त्याच्या मंग?"

"आधी," देवाजी म्हणाला. "तीन-चार रोज आधीच ठरलं होतं."

दसरूला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. "मी दार पुसून राह्यलो होतो. सोमारी इथी बसन म्हणून राह्यलो होतो. तू पायरीवर होता."

"होतो."

"येतो म्हणाला."

"काय करू मी? मालकानं सांगतलं, दसरूले बोलू नको. साहेबाच्या पुढं गाडी चमकली पाह्यजे. त्याले सांगतलं तर तो मन लावून पुसनार नाई." देवाजीचा आवाज खाली गेला. "मलेही लेकरं हाय, दसरूभाऊ."

दसरूच्या हातात फडकं होतं. गाडी दुसऱ्याला दिली, हे त्यानं गिळलं असतं. पण ती साहेबासाठी चमकावी म्हणून त्याच्या पोरीचं लग्न त्याच्यासमोर हलतं ठेवलं, बैलापुढे धरलेल्या गवताच्या पेंढीसारखं. आणि हे माहीत असलेला एक माणूस जवळ बसून विडी ओढत होता.

त्यानं फडकं घडी करून पायरीवर ठेवलं.

"काऊन?" ओसरीवरून गुणवंतराव ओरडले. "निघत नाई का डाग?"

"निघते मालक," दसरू म्हणाला. "मी नाई काढत."

तो तसाच फाटकाबाहेर पडला. त्याच्यामागे गुणवंतराव बरंच काही बोलले. गल्लीनं ऐकलं, त्यानं ऐकलं नाही.

ते डाग पुढे दुसऱ्या कुणी तरी राखेनं घासले आणि रंगावर कायमचे ओरखडे पडले. मग पावसाळ्याआधी देवाजी दसरूच्या गावी गेला. मालकानं दसरूला परत बोलावलं होतं, तो निरोप घेऊन. नव्या वाटेचा मुरूम तोवर बैलांनी उधळला होता, पण देवाजीला तिच्यावरूनच चालत यावं लागलं. सुकरी त्याला पाहून घरात गेली आणि बाहेर आली नाही. दसरूनं त्याला पाणी दिलं, बाज टाकली, स्वतः ताट वाढून आणलं.

देवाजी दोन घास खाऊन थांबला. "तू दोन शिव्या तरी दे मले."

"जेव," दसरू म्हणाला.

"भाऊ, चुकलो मी."

"जेवून घे देवाजी. ऊन होईन तुले वाटेनं."

देवाजी त्याच्याकडे पाहू लागला. दसरूनं त्याला नुसतं देवाजी कधी म्हटलं नव्हतं. त्यानं जेवण संपवलं, हात धुतला आणि मालकाचा निरोप सांगायचा राहून गेला तो राहूनच गेला.

दसरू पुन्हा चांद्याला कामाला गेला नाही. त्यानं धान केलं, बांबू तोडला, तेंदूची पानं गोळा केली. लालसू चांगला निघाला, सोमारी सुखात राहिली. म्हातारपणी कुणी विषय काढला तर दसरू गुणवंतरावांबद्दल रागानं बोलत नसे. "मोठ्या लोकाचं तोंड तसंच राह्यते," म्हणे. देवाजीचं नाव निघालं की मात्र गप्प होई. एकदाच, कुणी फार खोदून विचारलं तेव्हा, तो म्हणाला होता, "मालकाचा भरोसा मी केलाच नव्हता रे. गाडी येनार असं वाटलं, ते देवाजी हो म्हणाला म्हणून."